डेनिसचं इंजिन

डेनिस गॅरिटी गेला त्याला वर्ष झालं, आणि लेन टकवेलची मोटरसायकल पुरी झाली. सांगाडा नॉर्टन कंपनीचा, इंजिन ट्रायम्फचं. नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावरच्या कॅफेत पडीक असलेल्या प्रत्येक पोराचं हेच स्वप्न असायचं. फक्त हे इंजिन त्याच्या दोस्ताचं, डेनिसचं होतं. गाडीचा चुराडा झाला, पोरगा जागच्या जागी गेला, आणि इंजिनाला साधं खरचटलंही नाही. देवाची असली थट्टा ज्याला कळते त्यानं कळून घ्यावी.

कॅफेतल्या जूकबॉक्समध्ये नाणं टाकून गाणं लावायचं आणि ते संपायच्या आत गाडीवरून पुढच्या चौकाला वळसा घालून परत यायचं, हा या पोरांचा खेळ. अपघाताच्या दिवशी डेनिसला जायचंच नव्हतं. "मग जा घरी, आईकडून दूध पिऊन झोप," असं म्हणत लेननंच नाणं टाकलं होतं. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. डेनिसच्या आईला, विनी आंटीला, तर नाहीच.

इंजिन तिनंच दिलं, सायलेन्सरसकट. "घेऊन जा बाबा. पण चालू झालं की एखाद्या रविवारी इकडून आण. मला एकदा ऐकायचंय."

लेन त्या शब्दावर वर्षभर जगला. कारखान्यातून सुटला की शेडमध्ये. हँडल खाली आणलं, सीट एकाचीच केली, अॅल्युमिनियमची टाकी हातानं ठोकून घडवली. इंजिनात नवे पिस्टन घातले, कॅमशाफ्ट बदलला, सायलेन्सर काढून कर्ण्यासारखे उघडे मेगाफोन पाइप बसवले. डेनिस जे जे करीन म्हणायचा ते ते सगळं केलं. तिनं एकदा ऐकलं की आपल्या छातीवरचा धोंडा थोडा तरी हलेल, एवढीच त्याची आशा होती.

रविवारी दुपारी तो तिच्या गल्लीतून गेला. दार उघडलं नाही. पुन्हा गेला, तिसऱ्यांदा गेला. एक म्हातारा खिडकीतून ओरडला, "अरे गाढवा, रविवार आहे आज!" तिचं दार बंदच. नाण्याचं कुणीतरी सांगितलं तिला, दुसरं काय. गाडी कोपऱ्याआड लावून तो चालत गेला आणि कडी वाजवली.

विनी आंटी हसतच दारात आली. "आलास? चालत का रे? गाडी कुठंय?"

"तुम्ही... काही ऐकलं नाहीत?"

"जेवण झाल्यापासून मागच्या स्वयंपाकघरात कान लावून बसलेय. कुणीतरी मेला तीनदा बोंबलत गेला. म्हटलं, याच्या बोंबेत आमचा डेनिस ऐकू यायचा नाही."

लेन आत जाऊन बसला. टेबलावर दोन कप मांडलेले. किटली पाण्यानं भरलेली, पण खालचा गॅस पेटवलेला नव्हता.

"डावा सायलेन्सर फुटका होता ना त्याचा," ती सांगत होती, "त्यावर माझ्याच बिस्किटाच्या डब्याचा पत्रा तारेनं बांधलेला. कोपऱ्यावर वळला की खुळखुळ खुळखुळ. ती ऐकली की माझा हात आपोआप किटलीकडे. आहे ना रे तो पत्रा?"

तो पत्रा लेननं पहिल्याच दिवशी पक्कडीनं तोडला होता. 'शी, काय हे ध्यान,' असंही म्हणाला होता. सायलेन्सर, जुने पिस्टन, सगळं भंगारात गेलं होतं, वितळलंही असेल. त्याला कळलं आणि तो आतून मोडला. पहिल्यांदा नाण्यानं नेलं तिचं पोर. दुसऱ्यांदा त्यानं मन लावून, चकाकवून, स्वतःच्या हातांनी नेलं होतं.

खरं सांगायला त्यानं तोंड उघडलं. ती त्याच्याकडे मोठ्या आशेनं बघत होती.

"आहे की," तो म्हणाला. "आज गाडीच सुरू होईना. पुढच्या रविवारी आणतो."

"अरे, मग तोंड का पाडतोस? वर्ष काढलं, आठ दिवस काय!" तिनं कप उचलून परत फळीवर ठेवले. "चहा तेव्हाच करू. तो वळला की."

कोपऱ्यावर येऊन त्यानं किकवर पाय ठेवला आणि काढून घेतला. त्या गल्लीच्या कानावर तो आवाज पुन्हा घालायची त्याची छाती होईना. दोन मैल त्यानं गाडी ढकलत नेली. कॅफेपाशी पोरं उभी होती.

"काय रे लेन? वर्षभर घासलीस आणि बंदच?"

"बंदच आहे," लेन म्हणाला, आणि रडू दिसू नये म्हणून मान खाली घालून ढकलत राहिला.