गिअरचे खटके

अण्णांनी सायकलच्या मागच्या चाकातल्या फ्रीव्हीलच्या दातांवरून बोट फिरवलं आणि घाण लागल्यासारखं ते फडक्याला पुसलं. घाण नव्हतीच. सगळं कोरं करकरीत होतं, तेच तर दुखणं होतं.

"शी," ते म्हणाले. "काय करून ठेवलंयस हिचं?"

थोरल्या लेकीनं सायकल भिंतीला टेकवली. तिचं सायकल दुरुस्तीचं दुकान. अण्णांची पोलादी रेसची सायकल तिनं तिथे महिनाभर टांगून ठेवली होती. आता अंगणात आणली तर सांगाडा तेवढा जुना, बाकी सगळं भलत्याच कुणाचं. नवं चाक रुंद, ते बसावं म्हणून मागच्या दोन्ही दांड्या फाकवलेल्या. ब्रेक काळेकुट्ट. पेडल तर अण्णांना बघवेनात. चांगल्या घरच्या म्हातारीला गॉगल लावून वरातीत नाचवावं, तसला प्रकार.

पण डोक्यात खरी तिडीक गेली ती तिरप्या दांडीकडे बघून. गिअरचे दोन चिमुकले खटके तिथे असायचे. गिअर बदलायला हँडलवरचा एक हात सोडायचा, खाली न बघता खटका ढकलायचा. साऱ्या शर्यती अण्णांनी तशाच मारल्या होत्या. आता तिथे नुसत्या वायरी अडकवलेल्या, आणि गिअर आणले होते ब्रेकच्या मुठीत. हे आधी काढ आणि माझे खटके बसव, त्यांनी फर्मावलं. लेकीनं वाद घातला नाही. आतून खटके आणले, पुसून तेल लावलेले, आणि बोल्ट आवळायची ॲलन की त्यांच्यापुढे धरली.

"तुम्हीच बसवा."

अण्णा ऐटीत वाकले. कीचं टोक बोल्टच्या खाचेशी नेलं. ते इकडे लागलं, तिकडे लागलं, टकटक वाजत राहिलं, आत काही जाईना. अण्णा दातओठ खात आपल्या लटपटत्या हाताकडे बघत राहिले. त्या काळ्या ब्रेकची आली नव्हती एवढी किळस त्यांना त्या हाताची आली.

गेल्या वर्षी उतारावर खटका ढकलताना ते आपटले, तेव्हा कुत्रं आडवं आलं असं त्यांनी घरी सांगितलं होतं. लेकीनं गुडघा धुऊन दिला होता. विचारलं काहीच नव्हतं.

"आता हात सोडावा लागणार नाही, अण्णा," ती हळूच म्हणाली. "कुत्रं आडवं आलं तरी."

अण्णांनी ॲलन की तिच्या हातात ठेवली. मग टांग टाकली आणि दोन्ही मुठी घट्ट धरल्या.

"फाटक उघड," ते म्हणाले. "आणि माझ्या मागे मागे येऊ नकोस."