भरलेलाच राहिलेला सिलिंडर

"डॉक्टर, माझ्या आजोबांना तेव्हा हा गॅस का दिला नाही?"

मित्रांनो, हा प्रश्न विचारायची पैज प्रांजलीशी तिच्या वर्गातल्या मैत्रिणींनी लावली होती. डॉक्टरांपुढं तुझं तोंडच उघडणार नाही, असं त्या चिडवत होत्या. तिनं उघडलं, तेही माझ्याकडं बोट दाखवून!

मी नायट्रिक ऑक्साइडचा एक जुना सिलिंडर. गारखेड्यातल्या एका दवाखान्यात उभा असतो. हार्ट अटॅक येतो तेव्हा हृदयाची नळी तुंबते. डॉक्टर ती उघडतात, पण रक्त एकदम सुटलं की अर्धमेल्या स्नायूला आणखी इजा होते. नळी उघडायच्या आधीच मला श्वासातून दिलं तर ही इजा कमी होईल का, हे इथले डॉक्टर तपासत होते. खात्री कुणालाच नव्हती. पण आलो तेव्हा माझा रुबाब काय सांगू! नवा रंग, स्वतःची ट्रॉली. आता दवाखाना झाडणाऱ्या सरूबाई माझ्यावर ओली फडकी वाळत घालतात.

त्याच दिवसांत प्रांजलीचे आजोबा खंडेराव फुलंब्रीहून आले. जन्मभर मेंढरं राखलेला माणूस, छातीत कळा येत असताना जीपमधून स्वतः उतरला. त्यांच्या मुलानं, हनुमाननं, नळी उघडायला लगेच होकार दिला. माझं नाव निघताच मात्र तो थबकला. कोरोनात दवाखान्यात ऑक्सिजनचा मास्क लावलेली त्याची आई घरी परत आली नव्हती.

"भिकनतात्यांना येऊ द्या. ते म्हणतील तसं," तो म्हणाला. तात्या म्हणजे हनुमानचे थोरले भाऊ, आणि त्यांच्या घरात थोरल्याला विचारल्याशिवाय मोठं काही ठरत नाही. आणि तात्या शहागंजच्या गर्दीत अडकले होते.

खंडेराव शुद्धीवर होते. त्यांनी नर्सच्या हातातल्या मास्ककडं पाहिलं, मग माझ्याकडं. डॉक्टर त्यांना विचारणार, तोच हनुमान मध्ये पडला, त्यांना त्रास नका देऊ म्हणाला. तात्यांची वाट पाहायला वेळ नव्हता; डॉक्टरांनी नळी उघडली, रक्त सुटलं. माझी वेळ गेली.

तात्या आले, सगळं ऐकलं आणि म्हणाले, "मग द्यायचा की. मी कुठं नाय म्हणलो?"

खंडेराव जगले, पण हृदय कमजोर झालं. माझ्यामुळं ते वाचलं असतं का, मला ठाऊक नाही. मित्रांनो, तेच सलतं.

आज आजोबांना तपासणीला आणलं, तेव्हा डॉक्टरांनी प्रांजलीला सगळं खरं सांगितलं. आता आजोबांच्या छातीत ठोके सांभाळणारं मशीन बसवायला हवं, उशीर नको, असंही म्हणाले. बाहेर येऊन हनुमान बायकोला, शीलाला, सांगू लागला की आधी तात्यांना विचारू, पुढच्या आठवड्यात बघू.

प्रांजली बाकावर आजोबांशेजारी जाऊन बसली. मशीन म्हणजे काय, ते समजावलं आणि बसवायचं का, असं विचारलं.

"व्हय, बसवू की. मला इचारलंच कुणी नाय आजवर," आजोबा म्हणाले.

ती उठली, आईबाबांसमोर उभी राहिली.

"आजोबा व्हय म्हणलेत. मी त्यांना आत्ता ॲडमिट करायला नेतेय. पप्पा, तात्यांना तुम्ही नंतर कळवा."