बागमंडळाचा वड

भवानीपुरातल्या मराठी बायकांच्या बागमंडळाने त्या वर्षी गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला वड वाचवायचा विडा उचलला होता. आदल्या वर्षी निर्वासितांच्या शाळेत पेरूची रोपं लावून झाली होती; पण हे काम भारी होतं. रस्ता रुंद करणाऱ्या साहेबाला वड नेमका आडवा येत होता. साहेब म्हणाला होता, गल्लीतल्या जुन्या माणसांनी झाड हवं म्हटलं तर बघू. जुनी माणसं म्हणजे हालदारमोशाय. ते जे म्हणतील त्याचीच सगळी गल्ली री ओढायची.

त्यांना पटवायचं कोणी? मंडळाच्या अध्यक्ष प्रेमलताकाकू इतकी वर्षं कलकत्त्यात राहूनही मासळीवाल्याला हिंदीतच हाकलत. तेव्हा कालिंदीला पुढे केलं. कालिंदीचा जन्म इथलाच, बंगाली पोपटासारखं बोलायची, आणि शाळेच्या वादविवादात नुकतीच ढाल जिंकल्यामुळे तिचा रथ जमिनीपासून चार बोटं वरून चालला होता.

"बर्ग्यांची पोर झाडं वाचवायला निघाली?" हालदारमोशायांनी पहिल्याच दिवशी टोला हाणला होता. बर्गी म्हणजे बंगाल लुटायला आलेले मराठे घोडेस्वार. दोनशे वर्षं झाली तरी इथे कोणी विसरलं नव्हतं.

"माझे बाबा घोड्यावरून नाही, ट्रामने कचेरीत जातात," कालिंदी म्हणाली होती. म्हातारा मिशीत हसला, आणि रोज जाऊन जाऊन तिने त्याच्याकडून शब्द मिळवला. वड आता तिचा झाला होता. मंडळाचा नाही, तिचा.

साहेब बघायला येणार ती नेमकी वटपौर्णिमेची संध्याकाळ. दुपारी कालिंदी शिवणाच्या क्लासहून परतली तर वडाची खालची बाजू उघडीबोडकी. फांद्या ओरबाडून नेलेल्या, बुंध्यावर पांढरा चीक ओघळलेला. आणि घरी पाटावर, हळदकुंकू लावून, सूत गुंडाळून ठेवलेली फांदी.

"आई, ही कुठून आणली?"

"बाजारातला माणूस आणतो गं दरवर्षी. सगळ्यांकडे त्यानेच दिली."

दरवर्षी! आणि कुठून आणतोस म्हणून एकीनेही त्याला विचारलं नव्हतं. भर रस्त्यात, नथ घालून, बंगाल्यांच्या देखत झाडाभोवती फिरायची या बायकांना लाज वाटायची, म्हणून झाडच तुकड्यातुकड्याने घरी यायचं.

ती तडक काकूंकडे गेली.

"फांद्या काय, फुटतात परत," काकू म्हणाल्या. "तू तोंड बंद ठेव."

"तोंड बंद ठेवून बंगाली कसं बोलू?"

"ढाल मिळाली म्हणून शिंगं फुटली का तुला? मी सांगेन ते बोलायचं. शब्द इकडचा तिकडे नाही."

संध्याकाळी वडाखाली साहेब, हालदारमोशाय, निम्मी गल्ली आणि मंडळाच्या बायका. हालदारमोशाय तोडलेल्या जागांवर काठी टेकवत होते. कालिंदीकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"हे कोणी केलं, विचार तुझ्या बाईसाहेबांना."

काकूंनी पदर सावरला. "सांग त्यांना, पलीकडच्या निर्वासितांनी शेळ्यांसाठी ओरबाडलं. म्हणून तर म्हणतो, झाडाला राखण हवी."

ज्यांच्या शाळेत पेरू लावले, तीच माणसं! कालिंदीची कानशिलं तापली. तिने बंगालीत सांगितलं, "फांद्या आमच्याच बायकांसाठी तोडल्या. आज आमच्यात वडाची पूजा असते. माझ्या घरीही एक फांदी आहे."

'पूजा' एवढं काकूंना कळलं, आणि त्यांनी कालिंदीच्या दंडाला करकचून चिमटा घेतला. गल्लीत कुजबुज उठली. "बर्गीच शेवटी," कोणीतरी म्हणालं. साहेबाने हात झटकले. "तुम्हीच तोडता, मग मी काय वाचवू?"

कालिंदीला वाटलं, गेला वड. आणि माझ्या तोंडाने गेला.

"पूजा करता, तर घरात लपून का?" हालदारमोशायांनी विचारलं.

"तुमच्यासमोर लाजतात."

"आणि तोडायला लाजत नाहीत?" म्हातारा साहेबाकडे वळला. "झाड आम्हाला हवंय. पण आधी या बायकांनी आत्ता, इथे, आमच्या डोळ्यांदेखत याची पूजा करावी. दरवर्षी इथेच. नाही म्हणाल्या तर खुशाल पाडा, मी आड येणार नाही."

साहेब घड्याळ बघत थांबला. या वेळी कालिंदीने शब्द न् शब्द मराठीत सांगितला, इकडचा तिकडे न करता. काकूंचं नाक लाल झालं. बायका एकमेकींच्या मागे सरकायला लागल्या. शेवटी कालिंदीची आई घरी जाऊन सुताची गुंडी घेऊन आली आणि मुकाट्याने काकूंच्या हातात ठेवली.

काकू वडाभोवती फेऱ्या घालायला निघाल्या. गल्लीतली पोरं गॅलरीतून वाकून बघत होती. काकू बुंध्याला सूत गुंडाळत कालिंदीपाशी आल्या की दातओठ खात पुटपुटायच्या.

"आगाऊ कार्टी."

पुढच्या फेरीला, "घरभेदी."

त्याच्या पुढच्या फेरीला, "मंडळात पाय टाकून बघ."

"काय म्हणतायत?" हालदारमोशायांनी संशयाने विचारलं.

"मंत्र," कालिंदी म्हणाली, आणि काकूंच्या पायात येणारं सूत तिने वाकून बाजूला केलं.