ऐकण्यात कच्चे

इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या एका संस्थेत मी ऐकायला शिकवतो. वेळापत्रकात माझा तास सर्वांत शेवटी लागतो आणि काही निमित्त निघाले की सर्वांत आधी रद्द होतो. संस्था चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर आहे. जिना अरुंद, आणि त्याच्या भिंतीवर उघड्या तोंडांची चित्रे लावलेली. हसणारी तोंडे, भाषण देणारी तोंडे, माइकपुढे वासलेली तोंडे. एवढ्या चित्रांत कान म्हणून एकही धड दिसत नाही. कुठे तो केसांनी झाकला आहे, कुठे चौकटीच्या कडेने कापला गेला आहे.

संस्थेच्या चालकांना विद्यार्थी पाठीमागे धबधबा म्हणतात. नाव रास्त आहे. ते प्रश्न विचारतात, त्याचे उत्तर देतात, आणि त्या उत्तराबद्दल समोरच्याची पाठही थोपटतात; तोवर समोरच्याने तोंड उघडलेले नसते. माझी मुलाखत त्यांनी अशीच घेतली होती. मी आत जाऊन बसलो आणि थोड्या वेळाने नोकरी घेऊन बाहेर आलो. मी मुखदुर्बळ आहे हे त्यांना आजतागायत कळलेले नाही. ते कळण्यासाठी समोरचा माणूस गप्प आहे हे आधी लक्षात यावे लागते.

माझ्या तासाला लांब टेबलावर हेडफोन मांडलेले असतात. त्यांतले निम्मे बंद आहेत. ध्वनिफितीत एक गृहस्थ रेल्वेचे तिकीट काढतो आणि खिडकीमागची बाई त्याला गाडी उशिरा येणार असल्याचे सांगते. ज्यांच्या कानांत हा संवाद पोहोचतो त्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. ज्यांचे हेडफोन बंद, ते अत्यंत आत्मविश्वासाने माना डोलावतात. धबधबा दारातून डोकावतात आणि डोलणाऱ्या माना पाहून प्रसन्न होऊन निघून जातात. हेडफोन दुरुस्त करून घेऊ या, असे मी एकदा सुचवले होते.

“ऐकायला काय शिकवायचं असतं हो?” ते म्हणाले. “कान काय आपण बसवलेत? जन्मापासून आहेत ते. आपण जीभ मोकळी करतो, जीभ. बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. पटलं ना? पटणारच.”

त्या टेबलाशी एके दिवशी माझे भावोजी येऊन बसले.

भावोजी लिफ्ट दुरुस्त करतात. उमेदीची सगळी वर्षे त्यांनी इमारतींच्या पोटातल्या त्या काळोख्या, तेलकट उभ्या बोगद्यांत घालवली आहेत. आता त्यांचा उजवा गुडघा गेला आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, शिड्या चढणे तुम्ही थांबवा, नाहीतर गुडघाच तुम्हाला थांबवील. नेमकी तेव्हाच कंपनीने एक नवी खुर्ची काढली. बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अडकलेला माणूस आतले बटण दाबतो, तो फोन घेण्याची खुर्ची. अडकणारे देशोदेशींचे, म्हणून बोलणे इंग्रजीत. त्या एका खुर्चीसाठी कंपनीने पाच जणांना आमच्याकडे धाडले. शेवटी कंपनीचे अधिकारी येऊन तोंडी परीक्षा घेणार, आणि पहिला येईल तो खुर्चीवर बसणार. भावोजींना ती मिळाली नाही तर पुन्हा शिडी होती. दुसरे काही नव्हते. ही गोष्ट आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नसे आणि कुणी क्षणभर विसरतही नसे.

पहिल्या दिवशी त्यांनी मला वर्गात “मेव्हणे” अशी हाक मारली. सगळे हसले, तसे ते गोरेमोरे झाले. तेव्हापासून ते मला “मेव्हणेसर” म्हणू लागले.

पाच जणांची तयारी धबधब्यांनी जातीने करून घेतली. परीक्षेचे प्रश्नही त्यांनीच कंपनीला छापून दिले होते. अधिकाऱ्यांना त्रास नको, म्हणून. आपली ओळख करून द्या. घरी कोण कोण असते. कामाचा अनुभव किती. अडकलेला माणूस घाबरला तर काय कराल. कंपनीविषयी काय वाटते. प्रत्येकाला प्रत्येक प्रश्नाचे घोटीव उत्तर.

“आणि एक ध्यानात ठेवा,” ते म्हणाले. “प्रश्न ऐकत बसू नका. ऐकलं की माणूस विचार करतो, विचार केला की अडखळतो, अडखळला की गेला. प्रश्न मोजा. पहिला झाला, पहिलं उत्तर. दुसरा झाला, दुसरं. मध्ये श्वास घेतला तरी चालेल, पण थोडाच.”

मी कोपऱ्यात उभा होतो. फोनवर बोलण्याची कला माणसांना बहिरी करून शिकवता येते, हा शोध माझ्यासमोर लागत होता आणि विद्यार्थी तो वहीत उतरवून घेत होते.

घरी भावोजींची उजळणी ताई घेई. तिला इंग्रजीचा गंध नाही, पण या पद्धतीला त्याची गरजही नव्हती. पोळ्या लाटता लाटता ती पिठाचे एक बोट वर करी, की भावोजी आपले नाव, गाव, वय सांगून मोकळे होत. दोन बोटे केली की बायको आणि दोन मुली. चार बोटांवर ते हात पाठीमागे बांधून अडकलेल्या माणसाला धीर देत. घाबरू नका, दाराला हात लावू नका, मदत वाटेतच आहे. ताईच्या डोळ्यांत कौतुक मावत नसे.

“किती घडाघडा बोलतात बघ,” ती मला म्हणाली. “तुला शिकून येत नाही एवढं.”

“ताई, ते बोलतायत ते ठीक आहे. पण उद्या तीन बोटांच्या जागी चार आली तर?”

“कशाला येतील? माणसाने प्रश्न विचारायचे तर ओळीनेच विचारणार ना. तू आपलं अपशकुनी काहीतरी काढू नकोस.”

तरी जेवणे झाली की मी आणि भावोजी गच्चीच्या जिन्यात जाऊन बसत असू. मी त्यांच्याकडे पाठ करी, तोंडावर उशी धरी आणि लिफ्टमध्ये अडकलेला कुणी परका होई. कधी संतापलेला, कधी रडवेला, कधी नुसता पुटपुटणारा. कुठल्या मजल्यावर आहे, एकटा आहे की सोबत कुणी आहे, श्वास घ्यायला जड जाते आहे का, हे त्यांनी काढून घ्यायचे. सुरुवातीला मी काहीही म्हटले तरी ते “यस सर, आय अंडरस्टँड” म्हणत. त्यांच्या सगळ्या पिढीला कुणीतरी हे वाक्य ढालीसारखे दिले होते. ती ढाल त्यांच्या हातून सोडवण्यात माझे कित्येक दिवस गेले.

“भावोजी, मी आत्ता काय म्हणालो?”

“काय की. पण म्हणालात जोरात.”

“मग समजलं कशाला म्हणता?”

“समोरच्याला बरं वाटतं, मेव्हणेसर.”

“आतल्या माणसाला बरं वाटायला नको आहे, बाहेर यायला हवं आहे. नाही कळलं तर पुन्हा विचारा. पुन्हा विचारण्यात कमीपणा नाही.”

हळूहळू ते विचारू लागले. “सॉरी, प्लीज से अगेन.” आणि मग ते जे गप्प होत, ती शांतता मला फार प्रिय झाली. मान किंचित कललेली, डोळे जमिनीवर, एखादी दोरी कुठे घासते आहे याचा अंदाज घ्यावा तसा सगळा देह कानाशी गोळा झालेला. बोलण्याच्या त्या कारखान्यात मी इतके सुंदर काहीच पाहिले नव्हते. त्यांचे इंग्रजी तोडके होते आणि तोडकेच राहिले. पण माझ्या उशीतून आलेला मजला ते सहसा चुकत नसत.

परीक्षेच्या दिवशी अधिकारी उशिरा आले. सुगंधी, गुबगुबीत, एका कानाला फोन चिकटलेला. धबधब्यांनी त्यांना मऊ खुर्ची दिली, चहा दिला आणि छापील कार्ड हातात ठेवले. अधिकाऱ्यांनी ते डाव्या हातात धरले, आणि त्यांचा जाडजूड अंगठा नेमका दुसऱ्या प्रश्नावर विसावला. तो परीक्षा संपेपर्यंत तिथून हलला नाही.

पहिला गेला तो भावोजींचा सहकारी. कपडे सदैव कडक, म्हणून त्याला सगळे इस्त्री म्हणत. त्याने ओळख सुरेख करून दिली. मग अधिकाऱ्यांनी अंगठ्याखालचे वाचायचे सोडून पुढचे वाचले. कामाचा अनुभव किती?

“पत्नी आणि एक मुलगा,” इस्त्री ताठ मानेने इंग्रजीत म्हणाला. “दोघंही अतिशय प्रेमळ आहेत.”

“व्हेरी गुड. अडकलेला माणूस घाबरला तर काय कराल?”

“बारा वर्षं हेच करतो आहे, सर.”

“व्हेरी गुड. आपल्या कंपनीविषयी काय वाटतं?”

“मी म्हणेन, घाबरू नका, दाराला हात लावू नका, मदत वाटेतच आहे.”

“एक्सलंट,” अधिकारी म्हणाले आणि फोनमध्ये काहीतरी पाहून गालात हसले. इस्त्रीपाशी एक उत्तर शिल्लक उरले होते. ते वाया कशाला घालवा, म्हणून कंपनी म्हणजे माझे दुसरे घर आहे, असे त्याने दाराशी वळून सांगितले. धबधब्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी खोलीभर पाहिले. कुणाच्या भुवईचा केसही हलला नव्हता. पुढचे तिघे गेले आणि त्यांनीही अनुभव विचारल्यावर बायकामुले सांगितली, कंपनी विचारल्यावर तिला धीर दिला. मोजणी बिनचूक होती. एकाच्याही तोंडून एकदाही श्वासाचा आवाज आला नाही.

भावोजी शेवटचे होते. त्यांनी नाव, गाव, वय सांगितले. अनुभवाचा प्रश्न आला. दुसरे उत्तर त्यांच्या ओठांपर्यंत आलेले मी पाहिले. ते त्यांनी गिळले. मान किंचित कलली.

“सॉरी सर. प्लीज से अगेन.”

अधिकाऱ्यांनी त्या दुपारी प्रथमच कार्डावरून नजर वर उचलली. त्यांना कुणी मध्येच जागे केल्यासारखे झाले होते. त्यांनी प्रश्न पुन्हा वाचला. भावोजी थांबले, शब्द शोधले आणि सांगितले, की आधी हाताखाली होतो, मग दोर आणि मोटार शिकलो, आता सगळे करतो. घाबरलेल्या माणसाच्या प्रश्नावर तर ते आणखी थांबले. आधी मी त्याला विचारीन, असे ते म्हणाले, आणि विचारून गप्प बसेन. तो काय सांगतो ते कळल्यावर मी बोलेन.

“गप्प बसणार?” अधिकाऱ्यांनी मराठीतच विचारले. “आणि कंपनीच्या फोनचं बिल कोण भरणार?”

सगळे हसले. धबधबा जरा जास्तच. निकाल तिथेच लागला. खुर्ची इस्त्रीला मिळाली. भावोजींच्या नावापुढे अधिकाऱ्यांनी दोन शब्द लिहिले, आणि धबधब्यांनी ते सर्वांना ऐकू जातील असे वाचले. “ऐकण्यात कच्चे.”

चारचौघांत बोलणे माझ्याने होत नाही. तरी मी अधिकाऱ्यांच्या खुर्चीपाशी गेलो.

“सर, आपण दुसरा प्रश्न कुणालाच विचारला नाहीत.”

त्यांनी अंगठा उचलून पाहिला. “खरंच की. राहिला वाटतं.” मग उदारपणे म्हणाले, “असू द्या. सगळ्यांचाच राहिला, म्हणजे सगळ्यांना न्याय सारखा.”

“पण त्याचं उत्तर चौघांनी दिलं, सर.”

“दिलं ना? मग झालं तर.”

तेवढ्यात फोन वाजला, आणि समोरचे पुरते ऐकायच्या आतच ते “हो हो, समजलं” म्हणत जिना उतरले. धबधब्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. पुढच्या तुकडीपासून ऐकण्याचा तास काढून टाकू या, विद्यार्थी उगाच विचारात पडतात, पटलं ना, पटणारच.

घरी ताई दारातच उभी होती. भावोजींनी चप्पल काढता काढता तिला सगळे क्रमाने सांगितले. तिने ते पुरते ऐकून घेतले आणि मग माझ्याकडे वळली.

“तूच बिघडवलंस त्यांना. चांगले पोपटासारखे बोलत होते.”

“त्याला का बोलतेस?” भावोजी म्हणाले.

“मग कुणाला बोलू? दोन म्हटलं की बायको-मुली सांगायच्या, एवढंच होतं. बाकीच्यांनी नाही सांगितल्या?”

“सांगितल्या.”

“मग तुम्हालाच काय झालं होतं?”

भावोजींनी चप्पल कोनाड्यात ठेवली. “मला ऐकू आलं गं. साहेबाने दुसरंच विचारलं होतं. ऐकू आल्यावर काय करायचं?”

ताई आत गेली. कपाट उघडल्याचा, मग आपटल्याचा आवाज आला.

सकाळी भावोजी खुर्चीवर पाय लांब करून बसले होते. हत्यारांची पिशवी दाराशी होती. ताई खाली बसून त्यांच्या गुडघ्यावर लवचिक पट्टी गुंडाळत होती.

“आज किती मजले?” तिने वर न पाहता विचारले.

“दोनच इमारती आहेत.”

“मी मजले विचारले.”

त्यांनी सांगितले. ताईचा हात थांबला. तिने पट्टी सगळी सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून, अधिक घट्ट, गुंडाळायला घेतली.