ओरबाडणारं पेन

साठ वर्षांपूर्वीचं, सोन्याच्या निबचं ते उंची पेन मी दोन वर्षं धुंडाळून मिळवलं. शाई भरून पहिली ओळ लिहिली, तर ते मांजरासारखं कागद ओरबाडू लागलं. माझं टाळकंच सरकलं. मी डेंटिस्ट, दिवसभर लोकांचे दात घासून गुळगुळीत करते. पण सोन्याच्या निबला कानस लावायचा धीर होईना.

रागारागाने, एका हातात कानस धरूनच व्हिडिओ काढला आणि पेनवेड्यांच्या ऑनलाइन ग्रुपवर टाकला. तासाभरात चाळीस सल्ले आले, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. शेवटी 'शाईमामा' नावाच्या जुन्या सदस्याने लिहिलं, "ताई, कानस खाली ठेवा. निब बिघडलेली नाही. आधीचा मालक डावखुरा असणार. वर्षानुवर्षं लिहून ती त्याच्या हाताच्या वळणाने झिजली आहे."

आमच्या घरात डावखुरं माणूस एकच, माझ्या सासूबाई. माझ्या पेनांना सरसकट 'भंगार' म्हणणाऱ्या.

"आई, जरा दोन शब्द लिहून बघता का?"

"मला काही दुसरे उद्योग नाहीत का?" असं म्हणत त्यांनी हात पुसले आणि भाजीची यादी लिहायला घेतली. पेन झरझर धावू लागलं. कुरकुर नाही की ओरबाडणं नाही. यादी संपली, तरी त्या थांबेनात; बहिणीला चार पानी पत्र झालं.

मी पेन ठेवायला पेटी उघडून पुढे केली. त्यांनी टोपण लावलं, पेन आपल्या पर्समध्ये टाकलं आणि म्हणाल्या, "बाकीचं भंगार तुझं. आणि मला त्या ग्रुपमध्ये घे."