एका तासाचे औषध

मित्रांनो, तुम्ही मला पाहिले आहे, पण नीट नाही. आजारी माणसाला भेटायला आलात की तुमचे डोळे आधी त्याच्या तोंडाकडे जातात, मग वर टांगलेल्या बाटलीकडे. त्या बाटलीला धरून उभा असलेला उंच, बारीक दांडा कोण पाहतो? तो मी, सलाइनचा जुना स्टँड. वय विचाराल तर या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर नोकरीवर रुजू झाल्या, त्याच आठवड्यात मीही आलो. त्यांचे केस पिकले, माझा मुलामा उडाला. पाय दोघांचेही कुरकुरतात, पण कामात आम्ही अजून कोणाला ऐकत नाही.

माझा जन्म पत्र्याच्या एका शेडमध्ये झाला. वेल्डरने माझ्या डोक्यावर दोन आकडे जोडले, खाली पाच पाय लावले, पायांना चाके बसवली आणि मला जोरात ढकलून पाहिले. मी सरळ गेलो. "हा पडायचा नाही," तो म्हणाला. तेवढेच माझे प्रमाणपत्र. पुढे लोकांनी माझ्यावर छत्र्या टांगल्या, ओले टॉवेल वाळत घातले, एका पाहुण्याने तर जेवणाची पिशवी अडकवली आणि ती विसरून तो घरी गेला. मी सारे सोसले. ज्याला दिवसभर उभे राहायचे आहे त्याने एवढे मनाला लावून घेऊ नये.

माझा खरा अभिमान निराळाच आहे. आमच्या वॉर्डात व्हँकोमायसिन नावाचे एक औषध येते. जंतू रक्तात किंवा हाडात ठाण मांडून बसले आणि साध्या औषधांना दाद देईनासे झाले, की याला बोलावतात. सर्दी-खोकल्याला नाही. ऊठसूट वापरले तर जंतू त्यालाही सरावतील आणि मग हाती काही उरणार नाही. मोठ्या सिस्टर त्याला 'जावईबुवा' म्हणतात, कारण घाई केलेली त्याला खपत नाही. ते देण्याआधी रोग्याचे रक्त तपासणीला जाते, वजन होते, मूत्रपिंडे ठीक आहेत ना ते पाहतात, पूर्वी कुठल्या औषधाचा त्रास झाला होता का ते विचारतात. आणि दिले की ते शिरेतून थेंबाथेंबाने, कमीत कमी तासभर जायला हवे. म्हणून सिस्टर माझ्या दांड्यावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावतात आणि त्यावर दोन वेळा लिहितात, सुरू केल्याची आणि संपायची. हे काम त्या मलाच देतात. बाकीच्या स्टँडांची चाके डुगडुगतात, हे मी मुद्दाम सांगत नाही, पण खरे आहे.

एकदा शिवणकाम करणारी एक बाई दाखल झाली. पायात तुटलेली सुई घुसली होती. तिने आठ दिवस घरगुती उपाय केले आणि जंतू हाडापर्यंत पोचले. पाय मडक्यासारखा सुजलेला, अंग तापाने फणफणलेले. त्याच पायाने ती शिवणयंत्र चालवायची आणि त्या यंत्रावर तिचे आणि लेकीचे घर चालायचे. तपासणीचा कागद आला तेव्हा बहुतेक औषधे निकामी निघाली. एक चालणार होते, आपले जावईबुवा.

पहिले दोन दिवस सगळे सुरळीत झाले. सिस्टरांनी बाईला आणि तिच्या लेकीला बजावले होते की थेंबांचा वेग कमी-जास्त करणाऱ्या नळीवरच्या चकतीला हात लावायचा नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी बाटली लागली, पट्टीवर 'बारा ते दीड' असे लिहिले गेले, आणि लेक जेवायला गेली. तिच्या जागी बाईचा धाकटा भाऊ येऊन बसला. लेकीचा मामा, म्हणून सारा वॉर्डच त्याला मामा म्हणे. हा मामा नळकाम करणारा. गावातले निम्मे नळ त्याच्या हातचे. त्याला मात्र कोणी काही सांगितले नव्हते.

मामाने वर पाहिले. टप... टप... टप. आयुष्यभर त्याने असले थेंब पाहिले की एकच अर्थ काढला होता, वाटेत काहीतरी अडकले आहे. बहीण झोपली होती, औषध जात नव्हते, आणि त्याचा हात शिवशिवत होता. त्याने चकती शोधली आणि सफाईने फिरवली. थेंबांची धार झाली. मामा समाधानाने मागे रेलला. मित्रांनो, मी दांडा आहे. मला हात असता तर त्या क्षणी मी मामाचा हात धरला असता.

आठ-दहा मिनिटांत बाई खाजवत जागी झाली. तोंड, मान, छाती लालबुंद. डोके गरगरते आहे म्हणाली. मामाने घाईघाईने चकती होती तशी केली आणि मग सिस्टरांना हाक मारली. सिस्टरांनी आधी औषध बंद केले, मग डॉक्टरांना बोलावले, इंजेक्शन दिले, रक्तदाब पाहिला. हळूहळू लाली ओसरली. मग त्यांची नजर बाटलीकडे गेली. इतकी कशी उतरली, असे त्यांनी मामाला विचारले. मामा म्हणाला, मला काय माहीत.

डॉक्टर तरुण होते, पण काळजीपूर्वक वागणारे. त्यांनी फाईल उघडली आणि लाल पेन काढले. "मी ॲलर्जी लिहितोय," ते म्हणाले. "खरंच ॲलर्जी असेल आणि आपण पुन्हा दिलं, तर जिवावर बेतेल. दुसरं काहीतरी शोधू. पाय वाचेलच असं मात्र आता मला सांगता येत नाही."

बाईने तोंड भिंतीकडे केले. मामा माझ्याजवळ उभा होता आणि त्याने मला घट्ट धरले होते. त्याच्या तळहाताचा घाम मला जाणवत होता. पेन कागदाला टेकणार इतक्यात तो म्हणाला, "थांबा, डॉक्टर. ती चकती मी फिरवली."

मग डॉक्टरांनी विचारले, किती वेळ. मामाने मिनिटे सांगितली, खोटे बोललो तेही सांगितले, आणि मान खाली घातली. डॉक्टरांनी लाल पेन खिशात ठेवले. ही बहुधा ॲलर्जी नव्हे, असे त्यांनी समजावले. हे औषध घाईने गेले की अंग असेच लाल होते; ते हळू द्यायचे, सोडून द्यायचे नाही. सिस्टर मामाला रागावतील असे मला वाटले होते. त्या म्हणाल्या, "तुम्हाला सांगायचं आमच्याकडून राहिलं. ते माझं चुकलं." बाईने मान वळवून भावाकडे पाहिले. "लहानपणी चालू घड्याळं उघडायचास. आता मला उघडायला निघालास?" ती म्हणाली आणि रडता रडता हसली.

पुढची मात्रा पूर्ण दोन तास लावून, थेंबाथेंबाने दिली. डॉक्टर स्वतः शेजारी बसले. मामा स्टुलावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता. पहिली पंधरा मिनिटे गेली, अर्धा तास गेला. बाईची मान गोरीच्या गोरी. दोन तासांनी शेवटचा थेंब उतरला तेव्हा मला माझ्या साऱ्या नोकरीचे सार्थक वाटले. नंतरचे कित्येक आठवडे रक्तातले औषध मोजत, मूत्रपिंडे तपासत ते चालू राहिले. ताप गेला म्हणून बाईने मध्येच घरी जायचा हट्ट धरला, तेव्हा तिला गप्प बसवणारा मामाच होता. वॉर्डात कोणी नवा नातेवाईक आला की सिस्टरांच्या आधी तोच उठून त्याला पट्टी वाचून दाखवायचा.

मित्रांनो, औषध कितीही मोठे असो, ते वेळेवर, बेताने आणि पूर्ण घ्या, आणि नळीला हात लावू नका. पण कधी चूक झालीच, तर लपवू नका. लगेच सांगा, रागावतील म्हणून थांबू नका. त्या दुपारी मी सगळे पाहिले होते, पण मला तोंड नव्हते. मामाला होते आणि त्याने ते उघडले, म्हणूनच ती बाई या वॉर्डातून आपल्या दोन्ही पायांवर चालत गेली.