जुना अंगठा

डिसेंबरच्या एक तारखेला कडूबाई वारली. दोन तारखेला सकाळी, तसं काही घडलंच नसल्यासारखी, ती मुकुंदवाडीच्या सेवा केंद्रात उभी राहून उजवा अंगठा पदराला पुसत होती आणि पुन्हा पुन्हा मशीनवर टेकवत होती. मशीनचा लाल दिवा लागायचा आणि केंद्र चालवणारा सत्यम मान हलवायचा.

"मावशी, अंगठा येईना."

"ह्यो काय. हाताला हाये की."

"हाताला हाये, पर मशीनला पटंना. नोव्हेंबर संपला, हयातीचा दाखला नाय. म्हणजे कालपासून तुम्ही मयतात जमा."

"मंग तू बोलायलास कुणासंगं?"

सत्यमनं याचं उत्तर स्क्रीनवर शोधलं. तिथं नव्हतं.

कडूबाईचं हे पेन्शनचं पहिलंच वर्ष. मोतीबिंदूमुळं डोळ्याच्या मशीननं आधीच नकार दिला होता. चेहरा ओळखणाऱ्या अ‍ॅपनं तिला तीनदा पापण्या मिटायला लावल्या आणि चौथ्यांदा ते स्वतःच मिटलं.

"असं करा," सत्यम म्हणाला, "कंपनीतून तुमचा जुना अंगठा घेऊन या. हजेरीच्या रजिस्टरवर असंल. साहेबाच्या सहीनिशी झेरॉक्स आणा, मी वर पाठवतो."

कडूबाई जुना अंगठा आणायला निघाली.

तिच्या आधीची दोन लेकरं गेली होती. म्हणून लासूर स्टेशनच्या तिच्या आईनं तिसरीचं नाव कडू ठेवलं, मरणानं तोंडात घेतलं तरी थुंकून द्यावं म्हणून. मरणानं एकोणसाठ वर्षं शब्द पाळला. मशीनला तेवढं कुणी सांगितलं नव्हतं.

चिकलठाणा एमआयडीसीतल्या तिच्या कंपनीच्या, 'मधुबोट'च्या गेटवर आता काचेची केबिन होती. कडूबाई पहिल्यांदा आली, अठ्ठ्याण्णव साली, तेव्हा गेटच नव्हतं. पत्र्याचं शेड, एक कढई, चार बाया आणि हातात वही घेतलेले मधुसूदन साहेब. मऊ, चघळायची, फळाच्या चवीची गोळी करायची होती. साच्याला पैसे नव्हते. ट्रेमध्ये मक्याचं पीठ सपाट पसरलेलं. साहेब वहीत बघत राहिले आणि कडूबाईनं पिठात अंगठा दाबला. एक खड्डा. शेजारी दुसरा. त्यात पाक ओतला. दुसऱ्या दिवशी पिठातून तिचेच अंगठे निघाले, लाल, हिरवे, पिवळे. ज्वारी काढताना लहानपणी विळा लागला होता, त्याची तिरपी रेघसुद्धा प्रत्येकावर उमटलेली.

पुढं साहेबांनी तिचा अंगठा प्लॅस्टरमध्ये बुडवून साचा करून घेतला. आता आत मशीन होतं आणि त्याला तिचे सहाशे अंगठे होते. माल आधी जालन्याला गेला, मग दुबईला, मग साहेबांनी मोजायला माणूस ठेवला. पाकिटावर आता लिहिलेलं असायचं : एकेचाळीस देश, एक अंगठा. मूळचा अंगठा मात्र दोन हजार सोळा साली उकळत्या पाकात गेला. नवी कातडी आली ती गुळगुळीत, कोरी, वर काहीही न लिहिलेली.

गेटवरून तिला आत ब्रँडच्या हिमानी मॅडमकडं पाठवलं. सत्तावीस-अठ्ठावीसची पोरगी, गळ्यात ओळखपत्र, कानात दुसरंच कुणीतरी बोलत असलेलं.

"जुनी रजिस्टर्स नाहीत हो मावशी. आम्ही पेपरलेस झालो."

"म्हंजी?"

"म्हणजे रद्दीत दिली."

कडूबाईनं मान डोलावली आणि तिथंच उभी राहिली. हिमानीनं तिच्याकडं नीट पाहिलं. मग घड्याळाकडं. मग परत तिच्याकडं.

"तुम्हाला अर्धा तास आहे? पोलंडचे वितरक आलेत. आमची कालिंदीआजी आज आलीच नाही."

"कोन कालिंदीआजी?"

हिमानीनं भिंतीकडं बोट केलं. भिंतभर कंपनीचा इतिहास होता. मधुसूदन साहेबांच्या मातोश्री कालिंदीबाई पिठात अंगठा दाबताहेत, असं रंगीत चित्र. खाली गोळीवरच्या तिरप्या रेघेचं नाव : आशीर्वादाची रेघ. कालिंदीबाई कारखान्यात एकदाच आल्या होत्या, पूजेला. हात चिकट होतील म्हणून त्यांनी प्रसादसुद्धा चमच्यानं घेतला होता. आता त्या नव्हत्या, म्हणून पाहुण्यांसाठी रोजावर एक बाई कालिंदीबाई व्हायची.

"ह्यो अंगठा माझा हाये, मॅडम."

"हो का?" हिमानी खालच्या आवाजात म्हणाली. "इथले जुने कामगार, सखारामकाका, म्हणायचे खरं तसं. पण तुमचं नाव काय?"

"कडूबाई."

"तेच ना. गोळीच्या इतिहासात 'कडू' कसं चालेल, सांगा."

कडूबाईला ते पटण्यासारखं वाटलं, आणि त्याचाच तिला राग आला.

"कागद देताल का मंग? माझा अंगठा माझा हाये म्हनून?"

"आधी हे होऊ द्या. मग साहेबांशी बोलू."

पंधरा मिनिटांत तिच्या अंगावर भाड्याची पैठणी आली. पाहुणे आले. मधुसूदन साहेब आले, केस पांढरे झालेले, चाल तीच. त्यांनी कडूबाईकडं पाहिलं आणि क्षणभर थांबले. मग सगळ्यांदेखत वाकून तिच्या पाया पडले.

"साहेब," ती पुटपुटली, "तेवढं अंगठ्याच्या कागदाचं..."

"आई आता थकलीय," साहेब पाहुण्यांना इंग्रजीत म्हणाले. पाहुण्यांनी माना कलत्या केल्या.

ट्रे समोर आला. कडूबाईनं अंगठा दाबला. सत्तावीस वर्षांत हात विसरला नव्हता. खोली बरोबर, अंतर बरोबर. एक उंच पाहुणा वाकला, हातातली गोळी खड्ड्याशेजारी धरली, आणि काहीतरी म्हणाला.

"रेघ नाही म्हणतायत," हिमानी कानात कुजबुजली. "मावशी, अंगठा चुकतोय."

तिनं कपाटातून प्लॅस्टरचा अंगठा आणला आणि कडूबाईच्या मुठीत दिला. तो दाबला. रेघ आली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि साहेबांनीही.

पैठणी उतरवून घेतल्यावर तिला गोळ्यांचं एक पाकीट भेट मिळालं. कागदाचं विचारलं तर हिमानी म्हणाली, "ठसा जुळला असता तर साहेबांनी दिलाच असता हो."

घरी सून रूपा वही घेऊन बसली. पाकीट मध्ये ठेवलेलं. कडूबाई सांगत गेली आणि रूपा हसली नाही. मध्ये एकदाच तिनं विचारलं, "आत्या, खरंच लिहू हे?"

"लिही. सरकारी भाषेत लिही, म्हंजी वाचतेत."

रूपानं लिहिलं :

*मा. अधिकारी साहेब, पेन्शन विभाग, यांचे सेवेशी.*

*विषय : हयातीच्या पडताळणीकामी गोळी ग्राह्य धरणेबाबत.*

*महोदय, वरील विषयान्वये अर्ज सादर करण्यात येतो की, अर्जदार कडूबाई मोतीराम हिचा मूळ अंगठा सध्या अर्जदाराच्या ताब्यात नसून तो एकेचाळीस देशांत आहे. सबब सोबत जोडलेल्या पाकिटातील कोणत्याही रंगाची एक गोळी मशीनवर ठेवून पडताळणी करावी. रेघ स्पष्ट दिसते. पाकिटाची मुदत मार्चअखेर संपत असल्याने, तत्पूर्वी अर्जदारास जिवंत करण्यात यावे, ही नम्र विनंती.*